थर्झा रेनचा कोमट रेडिएटर

थर्झा रेन बोलायला लागली की भल्याभल्यांची बोबडी वळायची, हे स्केल्डर गावात कुणालाही विचारा. पण हीच बाई गप्प बसली तर काय होतं, ते फक्त प्राउडांच्या घराला माहीत होतं. त्या घरातल्या एकाही माणसाशी तिने चाळीस वर्षांत शब्द काढला नव्हता.

स्केल्डर म्हणजे समुद्रकाठचं कोळशाचं गाव. खाण कधीच बंद पडली, पाण्याने भरली, पण गाव अजून खाणीच्याच हिशोबाने जगतं. मोठा संप झाला त्या वर्षी इथल्या माणसांनी बटाट्याच्या सालींचंसुद्धा सूप केलं. थर्झा पहाटे किनाऱ्यावर जाऊन लाटांनी फेकलेला ओला कोळसा पोत्यात भरून आणायची, आणि तिचा नवरा रोली खाणीच्या फाटकाशी पहाऱ्याला उभा असायचा. त्या हिवाळ्यात सिडनी प्राउड खिडक्यांना जाळ्या लावलेल्या बसमध्ये बसून कामावर गेला. संप फोडला त्याने. झालं, त्या दिवसापासून प्राउड वाळीत पडले. कुणी सभा घेतली नाही, कुणी ठराव केला नाही. दुकानात त्यांच्याशी कुणी बोललं नाही, प्रार्थनेला कुणी शेजारी बसलं नाही. सिडनी मेला तेव्हा शवपेटी उचलायला माणसं बाहेरगावाहून आणावी लागली.

त्याचा मुलगा कॉलिन संपाच्या वेळी सहा वर्षांचा होता. पोराचा काय दोष, असं म्हणणारी माणसं असतात. ती बाहेरगावची असतात.

हाच कॉलिन मोठा होऊन इंजिनियर झाला आणि गावातच परत आला, आणि तेही कुठल्या कामावर? बुडालेल्या खाणीतलं पाणी वर खेचायचं, यंत्राने आणखी थोडं तापवायचं आणि नळांतून घराघरांत फिरवायचं, अशी योजना आली होती. ज्या खाणीने रोलीच्या छातीत काळी धूळ भरली, तीच आता गावाला ऊब देणार होती. कुणाच्या खोलीला केवढा रेडिएटर, म्हणजे भिंतीवरची गरम पाण्याची पत्र्याची पेटी, लागेल, याचा अंदाज काढायला कंपनीने थर्झाच्या गल्लीत कॉलिनलाच नेमलं.

एरवी थर्झाने दारच उघडलं नसतं. पण तिची अडचण होती. पानगळीच्या दिवसांत रोलीची छाती भरली. इस्पितळातून त्याला टेकडीवरच्या शुश्रूषागृहात नेऊन ठेवलं, नाकाला नळी, उशाशी प्राणवायूचं यंत्र. घरी न्यायचं तर जिना चढणं बंद, म्हणजे पलंग खालच्या पुढच्या खोलीत. यंत्राजवळ विस्तव चालणार नाही, म्हणजे शेकोटी बंद, तिच्या तोंडाला फळी. आणि खोली कडाक्याच्या थंडीतही एकवीस डिग्रीला राहिली पाहिजे, नाहीतर त्याची छाती पुन्हा भरेल. हे सगळं मिस ऑर्मस्टन नावाच्या बाईंनी सांगितलं. घर रुग्णाला योग्य आहे की नाही हे ठरवणं त्यांच्या हातात होतं. बाई वाईट नव्हत्या, पण बोलणं तुकडा पाडणारं. जानेवारी संपेपर्यंत खोली तयार झाली नाही, तर रोलीची टेकडीवरची जागा कायमची, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. टेकडीवर कायमचा गेलेला कुणी परत आल्याचं थर्झाने ऐकलं नव्हतं.

तेव्हा कॉलिन प्राउडने बेल वाजवली आणि थर्झाने दार उघडून पाठ फिरवली. तेवढंच आमंत्रण.

"नमस्कार, मिसेस रेन. पुढची खोली बघायचीय."

"जिप," थर्झा कुत्र्याला म्हणाली, "या माणसाला सांग, पाय पूस म्हणावं. गालिचा काय त्याच्या बापाने नाही आणलेला."

जिप म्हणजे रोलीचा हाडकुळा, लांब तोंडाचा कुत्रा. त्याने जांभई दिली. कॉलिनने पाय पुसले. या गल्लीत त्याच्याशी कुत्र्यांमार्फत, मांजरांमार्फत, एका घरात तर पिंजऱ्यातल्या पोपटामार्फत बोलणं झालं होतं, त्याला त्याचं काही वाटत नसावं. निदान तसं तो दाखवत नव्हता. त्याने खोली मापली, खिडकी मापली, बाहेरची भिंत बोटांनी ठोकून पाहिली.

"गळक्या बादलीसारखं असतं हे," तो लिहिता लिहिता म्हणाला. "आधी ऊब कुठून कुठून गळते ते बघायचं. जेवढी गळते तेवढी आत ओतेल असा रेडिएटर घ्यायचा. शेजारी सोळा नंबरात कुणी राहतं का? शेजारचं घर ऊबदार असलं की ती भिंत गळत नाही."

थर्झाने पडदा सारखा केला. सोळा नंबर कधीचं रिकामं होतं. नळ फुटून आतल्या भिंतींना बुरशी चढली होती. चोरांना कळू नये म्हणून थर्झाच तिथले जाळीचे पडदे धुऊन परत लावायची, त्यामुळे रस्त्यावरून बघणाऱ्याला घर नांदतं वाटायचं.

"आणि ही फळी? हिच्यामागे शेकोटी असणार. धुराडं वरून बंद केलंय ना? गॅस आला तेव्हा कौन्सिलने गल्लीतली सगळी बंद केली होती."

सगळी केली होती, एक सोडून. तेव्हा थर्झाने कौन्सिलच्या माणसाची शिडी काढून आपल्या परसात आडवी टाकली होती, आणि तो बिचारा अख्खी दुपार कौलांवर बसून राहिला होता. माझ्या घरातला विस्तव मी म्हणेन तेव्हा विझेल, असं ती त्याला खालून ओरडून सांगत होती. गावाने ही गोष्ट इतक्यांदा सांगितली होती की शिडी दर वेळी थोडी लांब व्हायची. पण प्राउडांना ती कोण सांगणार?

"जिप," थर्झा म्हणाली, "माणसाने आपल्या कामाशी काम ठेवावं, नाही का रे?"

कॉलिनने फळीकडे हात नेला. मग थर्झाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हात मागे घेतला, कागदावर काहीतरी खूण केली आणि निघाला.

रेडिएटर आला. चांगला दुहेरी पत्र्याचा, खिडकीच्या रुंदीइतका. माणसं बसवून गेली. थर्झाने त्यावर तळहात टेकवला आणि तिचं माथंच भडकलं. जुना गॅसवरचा रेडिएटर असा तापायचा की हात टेकवून तीन आकडे मोजता येत नसत. हा कोमट. समोर राहणारी बेरिल, तिची लग्नाआधीपासूनची मैत्रीण, तिला बोलावून तिने दाखवलं.

"बघ. प्राउडने बसवलेली वस्तू. आजारी माणसाच्या कपाळाइतकी गरम."

"अगं, कोमटच असतात हे," बेरिल म्हणाली. "खाणीचं पाणीच कोमट, म्हणून तर पत्रा एवढा मोठा. उकळत्या पाण्यावर देईल त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच ऊब देतो हा, मापं घेताना ते धरतात म्हणे. माझाही असाच आहे, आणि मी घरात बिनबाह्यांची फिरते."

"मग माझ्याच घरात दात का वाजतात?"

बेरिलने खांदे उडवले. जिप मात्र फळीजवळची आपली जुनी जागा सोडून पार दाराशी जाऊन झोपत होता. तिथून वारा येतो हे त्याला कळलं होतं. थर्झालाही कळत होतं, ती काही खुळी नव्हती. पण जे कळतं ते मान्य करायला लागलं असतं, म्हणून तिने खोलीत दोन स्वेटर घालून बसायला सुरुवात केली.

दहिवर गोठून सगळं पांढरं झालं होतं त्या सकाळी मिस ऑर्मस्टन थर्मामीटर घेऊन आल्या. पलंगाच्या जागी ठेवून त्यांनी चहा घेतला, दुसरा कप घेतला आणि मग वाचलं. सतरा.

"नाही होणार, मिसेस रेन. मला वाईट वाटतं."

"वाटून घेऊ नका. आम्ही त्याला दोन रजया देऊ."

"श्वास आत जातो तो रजईबाहेरचा," मिस ऑर्मस्टन म्हणाल्या. थर्झाने त्यांच्या हातातला कप काढून घेतला.

त्या दुपारी ती टेकडीवर गेली. रोली खिडकीशी बसला होता. दोन-तीन शब्द बोलायचा, थांबायचा, नळीतून हवा ओढायचा, मग पुढचे दोन-तीन.

"धुराड्याचं... सांगितलंस त्याला?"

"मी प्राउडशी बोलते?"

"नाहीच बोलायचं." त्याने हवा ओढली. "माझ्यासाठी... तर मुळीच नाही. मी इथेच... मरेन. पण गावात... रेनांची मान..." वाक्य पुरं झालं नाही. त्याने हनुवटी वर उचलून मान ताठ करून दाखवली.

थर्झाने डब्यातून आणलेली स्टॉटी, म्हणजे आमच्याकडची जाड पोळीसारखी पाव-भाकरी, हॅम घालून त्याच्या हातात दिली. त्याने एक घास खाल्ला आणि दमला. ती टेकडी उतरताना तिला प्रथम रोलीचा अभिमान वाटला. अर्ध्या उतारावर राग आला. हा मरणार मान ताठ ठेवून, आणि ती ताठ मान बघत मी एकटी चहा पीत बसायचं? तळाशी पोचेपर्यंत तिला स्वतःची लाज वाटायला लागली होती, कारण नवऱ्याला टेकडीवर ठेवलं होतं ते प्राउडने नव्हे, तिच्या गप्प बसण्याने.

तरीही तिने आधी आडवाटा धुंडाळल्या. कंपनीला फोन केला. कुठल्या तरी दूरच्या शहरातली मुलगी गोड आवाजात म्हणाली, कागदावर धुराडं बंद अशी नोंद आहे, ती फक्त तुमच्याकडे आलेले इंजिनियरच बदलू शकतात, तुमची तक्रार रांगेत घेते, मार्चमध्ये कुणीतरी येईल. मार्च! मग तिने बेरिलला गाठलं.

"तू सांग त्याला. तुला काय, नुसता निरोप द्यायचा."

"प्राउडला? मी?" बेरिल दोन पावलं मागेच सरली. "थर्झा, संपात माझा भाऊ त्या फाटकाशी पोलिसांच्या घोड्यांखाली गेला होता. तू विचारतेस तरी कशी?"

बरोबरच होतं तिचं. थर्झानेही तेच उत्तर दिलं असतं.

कॉलिन गुरुवारी दुपारी खाणकामगारांच्या वेल्फेअर हॉलच्या कोपऱ्यात एक टेबल टाकून बसायचा, लोकांच्या अडचणी ऐकायला. तरुण पोरं जायची. जुनी माणसं त्याच वेळी त्याच हॉलमध्ये बिंगो खेळायची आणि तो कोपरा जणू भिंतच आहे असं वागायची. थर्झाने बाहेरचा कोट घातला, ओठाला लाली लावली आणि जिपला घेऊन निघाली. दाराशी पाटी होती, कुत्र्यांना मनाई. तिने पाटी वाचली. तिला ती पाठ होती, तरी वाचली. मग जिपला कठड्याला बांधलं आणि एकटीच आत गेली.

बिंगोचे आकडे पुकारणारा म्हातारा लेस मधेच थांबला, कारण थर्झा आपल्या नेहमीच्या टेबलाला वळसा घालून कोपऱ्याकडे निघाली होती.

"कॉलिन प्राउड," ती म्हणाली.

नुसतं नाव, पण हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. कॉलिनने हातातला कप खाली ठेवला.

"माझं धुराडं उघडं आहे. फळीच्या कडांनी वारा येतो. आणि सोळा नंबर ओस पडलंय, पडदे मी लावते."

"थर्झा!" मागून कुणीतरी म्हणालं. "काय करतेस हे? भान ठेव!"

ती गर्रकन वळली. "भान आहे म्हणून आलेय! माझा माणूस टेकडीवर आहे. त्याला एकवीस डिग्रीची खोली लागते. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आणून ठेवू, बोला ना. लेस, तुझ्या? बेरिल, तुझ्या? तुझी तर आहे ऊबदार."

बेरिल तिकिटावर नजर खिळवून बसली होती.

"मग मला शिकवू नका," थर्झा म्हणाली आणि पुन्हा कॉलिनकडे वळली. "आणि तू नीट ऐक. तुझ्या बापाला मी माफ केलेलं नाही. तो मेला तरी नाही, मी मेले तरी नाही."

कॉलिनचा चेहरा लाल झाला. चाळीस वर्षं त्यालाही गिळावं लागलं होतंच.

"मी कुठे माफी मागायला आलो होतो?" तो म्हणाला. आवाज त्याचाही हॉलभर गेला. "मी धुराड्याचं विचारायला आलो होतो. तुम्ही कुत्र्याला उत्तर दिलंत."

थर्झाला त्याचा राग आला, आणि मनातल्या मनात तिने कबूलही केलं की पोरगा वाकत नाही.

"आणि थोडी चूक माझीही आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "फळी ओढून बघायला हवी होती. मला तुमच्या घरातून लवकर सुटायचं होतं."

"मग आता ये आणि ओढ."

त्याने बिंगोच्या रद्द तिकिटामागेच आकडे मांडले आणि तिच्यासमोर सरकवले. धुराडं उघडं धरलं आणि शेजारची भिंत थंड धरली, तर खोलीला पहिल्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट ऊब लागत होती. तेवढा रेडिएटर त्या खिडकीखाली मावणारच नाही. पण धुराडं बुजवलं तर उरते फक्त थंड भिंत, आणि तिच्यापुरता एक लहान रेडिएटर त्याच भिंतीवर बसवला की झालं.

"त्या भिंतीला माझं कपाट आहे. संपात गावाने चालवलेल्या सामायिक स्वयंपाकघराच्या बशा आहेत त्यात."

"कपाट हलेल," कॉलिन म्हणाला. "धुराड्याचं काय? बुजवू?"

तिला तो कौलांवर बसलेला माणूस आठवला, लाटांत भिजलेलं पोतं आठवलं, त्या हिवाळ्यातही न विझलेला विस्तव आठवला. "बुजव," ती म्हणाली. "पण विटा नकोत, सिमेंट नको. काढीन म्हटलं तर काढता आलं पाहिजे."

"लोकरीचा बोळा घालतात. ओढला की निघतो."

"चालेल. आणि येताना पाय पुसून ये."

तो दोनच दिवसांत आला. फळी ओढली तेव्हा आतून काजळी, कावळ्याच्या घरट्याच्या काड्या आणि असा काही गार झोत आला की दोघंही मागे सरले. त्याने लोकर ठासली, फळीच्या कडा बंद केल्या, थंड भिंतीवर नवा रेडिएटर बसवला. थर्झाने त्याला चहा दिला नाही. बिस्किटाचा डबा मात्र टेबलावर उघडा राहिला, आणि तो कुणासाठी उघडा होता हे तिने जिपलाही सांगितलं नाही.

मिस ऑर्मस्टन पुन्हा आल्या तेव्हा रस्त्यावरची डबकी गोठली होती. त्यांनी कोट काढला, मग स्कार्फ काढला. "वाचायची गरजच नाही," त्या म्हणाल्या. तरी थर्झाने त्यांना वाचायला लावलं. एकवीस, आणि वर थोडं.

गावाने आपलं काम चोख केलं. दुकानात थर्झा आली की गप्पा थांबायच्या. बेरिल तिला पाहून रस्ता ओलांडायची. थर्झा मान वर करून मधूनच चालायची आणि मुद्दाम मोठ्याने, "शुभ सकाळ, बेरिल!" म्हणायची. घरी येऊन एकदा ती रडली. बेरिलसाठीच रडली, आणि रडताना तिला चार शिव्याही दिल्या.

रोलीला रुग्णवाहिकेतून आणलं, खुर्चीत बसवलं, नळी जोडली. माणसं गेली. थर्झाने त्याच्यापुढे चहा ठेवला, गुडघ्यांवर शाल घातली आणि वाट बघत राहिली. तो खोलीभर नजर फिरवत होता. कपाटाच्या जागी रेडिएटर. फळीच्या कडांना पट्टी. बेरिल टेकडीवर जाऊन त्याला सगळं सांगून आली असणार, हे थर्झाला तेव्हा उमगलं.

"जिप," रोली म्हणाला, "तिला सांग. चहात साखर कमी आहे."

असं होणार हे थर्झाला ठाऊक होतं. प्राउडशी जो बोलेल त्याच्याशी बोलायचं नाही, हा नियम तिनेच कितीजणांवर चालवला होता. पण तो आपल्याच खुर्चीतून, आपल्याच माणसाच्या तोंडून येईल तेव्हा कसा लागतो, हे तिला माहीत नव्हतं. तिने साखर घातली, ढवळली आणि स्वयंपाकघरात गेली.

तो आठवडा असाच गेला. औषध, वर्तमानपत्र, उशी, सगळं जिपमार्फत. कुत्र्याला आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नव्हता. थर्झाने एकदाही जिपमार्फत उत्तर दिलं नाही. ती सरळ रोलीशीच बोलायची, उत्तर येवो न येवो.

रविवारी ती भांडी पुसत होती तेव्हा पुढच्या खोलीतून रोलीचा आवाज आला. त्याने रेडिएटरवर तळहात ठेवला होता.

"जिप, तिला जाऊन सांग, त्या संपफोड्याच्या पोराने बसवलेला हा डबा साधा हात भाजण्याइतकासुद्धा तापत नाही, आणि आमच्या वेळी शेकोटीसमोर बसलं की मांड्या लाल व्हायच्या आणि पाठ गार राहायची, त्याला म्हणायचे विस्तव, हे काय आहे, हे तर नुसतं धुणं वाळवायचं यंत्र, आणि यासाठी माझ्या घरचं धुराडं त्या माणसाच्या हाताने बुजवून घेतलंस!"

थर्झा दारात येऊन उभी राहिली. हातात ओली बशी तशीच. तो मधे एकदाही थांबला नव्हता. टेकडीवर या माणसाला तीन शब्दांनंतर हवा ओढावी लागत होती.

"कोमटच असतो तो," ती म्हणाली. "आणि धुराडं मी बुजवलं, माझ्या मर्जीने. पुन्हा बुजवीन." तिने बशी टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि त्याच्या अगदी समोर बसली. डोळ्यांत पाणी होतं, ते तिने पुसलं नाही. "हं, चालू दे. कुत्र्याला सांग, भिंतीला सांग. एवढी लांबलचक शिवी एका दमात दिलीस, मला तेवढं पुरे. मरेपर्यंत बोलू नकोस माझ्याशी. फक्त ते मरण लांब असू दे."

रोलीने तिच्याकडे पाहिलं. मग जिपकडे पाहिलं.

"जिप," तो म्हणाला, "तिला विचार, चहा आहे का."

"जिपला सांग करायला," थर्झा म्हणाली, आणि उठली नाही.